कुंपणबाई

कुंपणबाई घाबरल्या होत्या, आणि ते घरात कुणाला कळू नये म्हणून नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होत्या.

सुरुवात अगदीच क्षुल्लक झाली. साखर काढायला गेल्या आणि शेजारचं कपाट उघडलं. आता शेजारचं कपाट कोण उघडत नाही? तुम्हीआम्ही रोज उघडतो आणि वर कपाटालाच नावं ठेवतो. पण बाई त्या उघड्या कपाटापुढे उभ्याच राहिल्या. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी शेजारचं कपाट, मग शेजारचं नाव, मग शेजारची गल्ली. शेवटी शेवटी ती माउली स्वतःच्या लेकीला दारात बघून खुर्ची पुढे करायची आणि अदबीनं विचारायची, "बसा ना. तुम्ही कोणाच्या?" बाई हसून म्हणायच्या, "तुमच्याच." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडायच्या आणि रडून घ्यायच्या.

बाईंनी कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं, आणि गणितातही टोपॉलॉजी, म्हणजे जिथे लांबीरुंदी कुणी विचारत नाही. कोण कुणाच्या जवळ आहे एवढंच बघतात. कुंपणबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. फळ्यावर एक वेडावाकडा गोल काढून बाई म्हणायच्या, "हे कुंपण. तू इकडे किंचित हललास तर तिकडे तुझी सावलीही किंचितच हलली पाहिजे, कुंपणाच्या आत राहिली पाहिजे. मी कुंपण कितीही लहान घातलं तरी. याला म्हणायचं सातत्य. आता मी जरा दया दाखवते. सावली कुंपणावर बसली तरी चालेल, पण बाहेर उडी नाही मारायची. हे झालं दुर्बळ सातत्य." यावर मागच्या बाकावरून दरवर्षी न चुकता आवाज यायचा, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत!" वर्ग हसायचा, बाईही हसायच्या, आणि पुढचा प्रश्न त्याच पोराला विचारायच्या.

त्यांचं सगळं संशोधन असं दुर्बळ सातत्य असलेल्या फलनांवरच, म्हणजे फंक्शनांवरच होतं. तरुणपणी त्यांच्या मार्गदर्शकांनी नाक मुरडलं होतं. "अहो, जगात इतकी धडधाकट फलनं आहेत, तुम्ही ही पांगळी कशाला घेऊन बसलात?" बाई म्हणाल्या होत्या, "धडधाकटांचं कुठेही निभतं, सर. एखादी गोष्ट कितपत कमजोर झाली तरी चालू राहते, ते मला बघायचंय." निबंध छापून आले, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले निम्मे परीक्षक. नवरा जमीन मोजणीच्या खात्यात होता. तो म्हणायचा, "तू कुंपणावर बसलेल्यांना पास करतेस, आणि मला त्यांच्यापायी कोर्टात उभं राहावं लागतं." असा दोघांचा संसार हसतखेळत झाला. तो गेल्यावर बाई लेकीकडे राहायला आल्या.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली जिन्याच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान. त्या इमारतीत सगळे शिंप्याला मास्तर म्हणत आणि जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईंना नुसतं बाई. बाईंना याची फार मौज वाटे. जावई बोटीवर नोकरीला, महिनोनमहिने बाहेर. आणि घरात गोटी. गोटी म्हणजे नात. खरं नाव भलंमोठं आणि सुंदर होतं, पण पोर इतकी वाटोळी होती की पहिल्याच आठवड्यात ते नाव कपाटात गेलं. नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. लेक पुन्हा कामावर निघाली तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "आई, तुला झेपेल ना? नाहीतर पाळणाघराचं बघते."

"न झेपायला काय झालं? मी साठ-साठ पोरं सांभाळलीत, तीही दात आलेली."

लेक हसली आणि विषय संपला. त्यानंतर काही दिवसांनी ते शेजारचं कपाट उघडलं गेलं.

बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे गेलं की दुखण्याला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की गोटी पाळणाघरात, बाई खिडकीत. गोटी दुपारी झोपताना त्यांचं बोट मुठीत धरायची आणि झोप लागली तरी सोडायची नाही. बाईंचा हात अवघडून मुंग्या यायच्या, पण त्या हलत नसत. हे बोट सोडवून घ्यायला त्या तयार नव्हत्या, हे एक. आणि दुसरं, त्याहून भयंकर: आपल्या हातून या पोरीला काही झालं तर? सकाळी लेक पायात चपला सरकवून निघायची. दार बंद झालं की घर एकदम मोठं वाटायचं. गॅसची शेगडी, बाल्कनीचं दार, पाण्याची बादली, सगळं आपल्याकडेच बघतंय असं वाटायचं.

मग बाईंनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. आपल्या चुका तपासायला घेतल्या.

साखरेऐवजी शेजारचं कपाट. लेकीला हाक मारताना तोंडात आलं ते मावशीचं नाव. चष्मा ठेवला उशीपाशी, शोधला गादीखाली. भाजीवाल्याचे पैसे दिले ते शेजारच्या फळवाल्याला. प्रत्येक चूक बाईंनी डोक्यातल्या डोक्यात उलटीपालटी करून बघितली, कागद न घेता. कागदाशिवाय काम करण्याचा त्यांना जुना अभिमान होता. आणि त्यांना दिसलं की एकही चूक उडी मारून लांब गेलेली नाही. सगळ्या काठावरच्या. साखर कपाटातच शोधली, न्हाणीघरात नाही. "म्हणजे मी दुर्बळ झालेय," बाई भांडी विसळताना स्वतःशी म्हणाल्या, "तुटलेली नाही."

दुर्बळांना कसं सांभाळायचं हे तर त्या अख्ख्या कॉलेजला शिकवून बसल्या होत्या. जुना, पाठ्यपुस्तकातला सिद्धांत आहे. काही जागा अशा असतात की तिथे तुम्ही कुठलंही कुंपण घ्या, त्याच्या आत आणखी लहान कुंपण घालता येतं, आणि ते आपल्या काठासकट मोठ्याच्या पूर्ण आत मावतं. अशा जागेला नियमित म्हणतात. तिथे दुर्बळ सातत्य आपोआप खरं सातत्य होतं. का, तर सावली फार तर लहान कुंपणाच्या काठावर बसेल, आणि तो काठ तर मोठ्याच्या आतच आहे. मग बिघडलं कुठे?

बाईंनी घर नियमित करायला घेतलं. पाणी जरा कोमट म्हणता कढत होऊ शकतं, तर गोटीची अंघोळ लेक निघायच्या आधीच उरकायची. दूध तापवताना विसर पडू शकतो, तर शेगडी लावायचीच नाही. लेक सकाळीच थर्मास भरून ठेवायची. बाल्कनीच्या दाराला कडी होतीच, बाईंनी वरून नाडी बांधली आणि नाडीला गाठीवर गाठ मारली. रस्ता ओलांडून बागेत जायचं बंद. फिरायचं ते खाली, मास्तरांच्या दुकानापुढच्या फरशीवर, बाबागाडीतून. गाडी लेक सकाळी जाताना खाली ठेवून जायची. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण बाईंनी दूधही फुंकलं, ताकही आणि पाणीही.

लेक म्हणाली, "आई, नाडी कशाला? कडी आहे ना?"

"तुझी लेक माझ्यावर गेलीय. कडी काढायला शिकली की सांगणार नाही, काढूनच दाखवेल."

आणि योजना चालली! चुका होत राहिल्या, पण प्रत्येक चूक लहान कुंपणाच्या काठावर येऊन बसली आणि तिथेच थांबली. बाईंना हळूहळू धीर आला. रोज दुपारी गोटी झोपली, बोट मुठीत गेलं, की त्या मनात तो सिद्धांत सिद्धतेसकट म्हणून बघायच्या. एक पायरी चुकायची नाही. मग हलकं वाटायचं. आपल्या आईलाही तीसपर्यंतचे पाढे शेवटपर्यंत येत होते, हे त्यांना तेव्हा आठवत नसे. किंवा आठवायचं नसे.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायची होती. बाई गोटीला घेऊन खाली आल्या आणि तिला गाडीत घातलं. मास्तर मशीनवर एका कोटाचं अस्तर जोडत होते. जाडजूड काचांचा चष्मा, गळ्यात टेप. गोटीला बघून त्यांनी चिंध्यांच्या डब्यातून एक लाल चिंधी काढून तिच्या हातात दिली. गोटीनं ती थेट तोंडात घातली.

"हिला लालच लागते," मास्तर म्हणाले. "काल निळी दिली तर फेकून दिली."

"काल?" बाई म्हणाल्या. काल त्या खाली आल्याच नव्हत्या. काल दुपारभर त्या आणि गोटी झोपल्या होत्या.

"काल हो. तुम्ही वर गेलात ना, तेव्हा. पण रडत नाही हं पोर. तुम्ही ठेवून जाता, ही आपली मशीन बघत बसते."

 बाईंनी चेहरा हलू दिला नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभं राहून राहून कमावलेला चेहरा होता तो.

"तुम्हाला त्रास होतो हो, मास्तर."

"त्रास कसला? तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, जरा बघा हं. मी बघतो. कधी लगेच येता, कधी जरा वेळ लागतो. म्हातारं माणूस, जिना चढायचा." मास्तरांनी दोरा दातांनी तोडला आणि हसू लागले. "पण काल तुम्ही कमाल केलीत, बाई. मी घरी बायकोला सांगितलं, ती पण हसली."

"काय केलं मी?"

"अहो, असं काय करता! खाली आलात, गाडीपाशी वाकलात, हिचा गालगुच्चा घेतलात, आणि मला काय विचारताय? 'किती गोड आहे हो. कोणाची ही?'" मास्तरांना पुन्हा हसू आवरेना. "आणि तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता! मी म्हटलं, 'तुमचीच.' तर म्हणता, 'हो का?'"

बाई हसल्या. खरोखर हसल्या, आवाज निघाला. मग दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या स्टुलावर बसल्या.

गोटी चिंधी चोखत त्यांच्याकडे बघत होती.

शितावरून भाताची परीक्षा करायची नसते, हे बाई वर्गात कंठरवानं सांगत. सातत्य सिद्ध करायचं तर प्रत्येक बिंदूला तपासा, सोयीच्या चार बिंदूंवर तपासून पुढे पळू नका. असं पळणाऱ्यांचे त्यांनी निर्दयपणे गुण कापले होते, एकाला तर रडवलं होतं. आणि स्वतः काय केलं? ज्या चुका आठवत होत्या तेवढ्याच तपासल्या. कपाट आठवत होतं, चष्मा आठवत होता, फळवाला आठवत होता. त्या काठावरच्या होत्या, म्हणून तर आठवत होत्या! ज्या चुका कुंपण ओलांडून पार पलीकडे जाऊन पडल्या, त्या त्यांच्या हिशेबात आल्याच नव्हत्या. येणार कशा? त्या वेळी हिशेब करायला बाई जागेवर नव्हत्याच. किती वेळा गोटी इथे एकटी राहिली असेल? आणि वर, बंद दारामागे, जिथे मास्तर नव्हते, तिथे काय काय झालं असेल? ज्या हातांनी ती नाडी बांधली, त्यांनीच ती कधी सोडलीही असेल का?

 

आता मोह बघा माणसाला कसा होतो. त्याही अवस्थेत त्यांच्या मनात आलं की कुणालाच काही माहीत नाही. मास्तर हसण्यावारी नेताहेत. लेकीला सांगावं, गुडघे दुखतात गं, मला नाही होत आता. पाळणाघर मिळेल, अब्रूही राहील. दुखऱ्या गुडघ्यांच्या आजीला कुणी नाव ठेवत नाही. तिच्याकडे नात पुन्हा, कधीमधी, एखाद्या दुपारी सोपवतातसुद्धा. बाईंना ती एखादी दुपार डोळ्यांपुढे दिसली, बोट मुठीत धरलेली. आणि मग त्या दुपारी, बंद घरात, आपण गोटीला विचारतोय, बाळ, तू कोणाची गं? हेही दिसलं.

त्यांनी फोन काढला, लेकीला लावला. वाजला, वाजला, थांबला. लेक कामात होती. आणि आता एक नवीनच भीती बाईंच्या मानगुटीवर बसली. लेक येईपर्यंत हेही विसरलो तर? संध्याकाळी ती येईल, आपण दार उघडू, ती विचारेल, "कसा गेला दिवस?" आणि आपण अगदी खऱ्या मनानं म्हणू, "छान."

"मास्तर," बाई म्हणाल्या. "मशीन थांबवा."

मास्तरांनी पाय थांबवला.

"काल मी मस्करी केली नव्हती."

मास्तर चष्म्यातून बघत राहिले. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी कोट मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"बाई, अहो..."

"ऐका. मला आत्ता सगळं समजतंय. उद्या समजेल की नाही, ठाऊक नाही. तासाभरानं तरी समजेल की नाही, तेही नाही. लेक येईपर्यंत मी इथे बसणार. मी उठून वर जायला लागले तर मला जाऊ देऊ नका. हिला घेऊन तर अजिबात नाही. मी रागावले तरी. मी फार रागीट आहे."

"बसा ना, बाई. बसा."

"आणि लेक आली आणि मी काही बोलले नाही, तर तुम्ही सांगायचं. हसून नाही सांगायचं."

मास्तरांनी मान हलवली. ते पुन्हा मशीनवर बसले, पण मशीन काही चालवेनात. नुसता टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. बाईंनी बाबागाडीची दांडी घट्ट धरली होती. ओठ हलत होते. काल मी हिला ओळखलं नाही. काल मी हिला ओळखलं नाही. सिद्धांत म्हणावा तसं त्या एकच वाक्य घोकत होत्या. मध्येच आपण काय घोकतोय याचा अर्थ मनात उतरायचा आणि अंगावर काटा यायचा, आणि मग त्यातल्या त्यात बरं वाटायचं, कारण काटा येतोय तोवर आपण जागेवर आहोत. गोटी गाडीतल्या गाडीत पेंगली. झोपता झोपता तिचा हात बोट शोधत आला. बाईंनी बोट दिलं. लोक येत-जात होते, कुणी "काय बाई, आज खाली मुक्काम?" म्हणालं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. वाक्य सुटलं असतं.

लेक आली ती घाईघाईत, खांद्यावर पिशवी, हातात फोन. "आई, फोन केला होतास? आणि खाली काय करतेस? गोटी बरी आहे ना?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ओळखीची चाल, ओळखीचं कपाळ, बापासारखं रुंद. त्या उठल्या नाहीत. बसूनच सांगितलं, मास्तरांनी सांगितलं होतं तसंच, गालगुच्च्यासकट. कपाटापासून सुरुवात केली नाही. शेवटचं आधी सांगितलं.

लेक हसली. वाटलंच होतं बाईंना. "अगं, होतं असं कधी कधी. झोपमोड झाली असेल तुझी. मी नाही का परवा ऑफिसची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली!"

"ती फ्रिजमध्ये सापडली तेव्हा ही किल्ली आहे हे तुला कळलं ना?"

लेकीनं हातातला फोन पिशवीत टाकला.

"मला कळलं नाही," बाई म्हणाल्या. "मला ती गोड वाटली. दुसऱ्या कुणाची."

लेकीनं मास्तरांकडे बघितलं. त्यांनी नाही म्हणावं म्हणून बघितलं. मास्तर टेपाकडे बघत होते.

मग लेकीनं काय केलं, तर ती खाली वाकली आणि गोटीची मूठ हळूच उघडून आईचं बोट त्यातून सोडवलं. पोर चुळबुळली, जागी झाली नाही. एरवी तिघी एकत्र वर जाताना रिवाज असा, की आजी गोटीला कडेवर घेणार आणि लेक बाबागाडी उचलणार. आज लेकीनं गोटीला स्वतःच्या खांद्यावर टाकलं. बाबागाडी दुकानापाशीच राहिली. मोकळा राहिलेला हात तिनं आईपुढे केला. बाईंनी तो धरला. पकड घट्ट होती, रस्ता ओलांडताना लहान पोराचा हात धरतात तशी, आणि तशी पकड लेक कुणाकडून शिकली ते बाईंना आठवलं. त्यांना रडू आलं. भीती कमी झाली नाही. पण इतके दिवस ती एकटीच्या अंगावर होती, ती आता दोघींत वाटली गेली, आणि लेकीच्या तळव्याला घाम सुटलेला त्यांना कळत होता.

पहिल्या पायरीवर पाय ठेवून लेक थांबली. समोर बघतच म्हणाली, "आई, मला ओळखतेस ना गं?"

जन्मभर जितकं सिद्ध झालं तितकंच बोलायची बाईंची सवय. त्यांनी नीट बघून घेतलं, मग म्हणाल्या, "आत्ता, या पायरीवर, ओळखते."

 दोघी एक पायरी वर चढल्या. तिथे लेकीनं पुन्हा विचारलं.